आपली मतं कुणाच्या खात्यात? बडोदा, ‘व्होट बँक’ आणि दोन प्राध्यापक

मंडळी, निवडणूक जवळ आली की बडोद्याच्या मराठी माणसाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. "तुमचं काय, तुमची मतं राजवाड्याबरोबर!" गेल्या काही वर्षांत राजवाड्याच्या जागी पक्षाचं नाव आलं, बाकी वाक्य तेच. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी अशी नावं घ्यायची आणि इथली ‘दक्षिणी’ मतं एकगठ्ठा पडतात म्हणून मोकळं व्हायचं. आपल्यातलीही काही माणसं हे अभिमानाने सांगतात.

मी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं आणि शिक्षिका म्हणून निवडणुकीच्या कामालाही बऱ्याच वेळा बसले. त्यामुळे या वाक्याची मला जुनी चीड आहे. पण आज लिहायचं आहे ते चिडून नाही. मतदार खरोखर गठ्ठ्याने मत देतो का, हा प्रश्न आपल्या देशात ज्यांनी अभ्यासाचा केला त्यांतली दोन मोठी माणसं आपल्याच सयाजीराव विद्यापीठात शिकवत होती. बडोद्यातल्या किती मराठी घरांना हे ठाऊक असेल, शंका आहे. म्हणून ही पोस्ट.

थोडी मागची गोष्ट. १९४९ हे बडोद्याच्या आयुष्यातलं उलथापालथीचं वर्ष. ३० एप्रिलला विद्यापीठ सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आमच्या आजोबांसारखे संस्थानच्या कचेरीतले कारकून एका रात्रीत मुंबई सरकारचे नोकर झाले. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही मुलगी घटना समितीच्या सभासद होती. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असे शब्द होते, तिथे ‘सर्व माणसं’ असं यावं म्हणून त्या संयुक्त राष्ट्रांत भांडल्या होत्या. त्यांच्या कारकिर्दीत इथे देशभरातून माणसं आली. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास त्यांतलेच. १९५१ मध्ये ते समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले, इथला विभाग त्यांनी उभा केला आणि १९५९ मध्ये दिल्लीला गेले.

‘व्होट बँक’ हा शब्द अभ्यासात आणल्याचं श्रेय या श्रीनिवासांना देतात. म्हैसूरकडच्या एका खेड्यावरचा त्यांचा निबंध १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तो येतो. म्हणजे खेडं कर्नाटकातलं, पण शब्द छापून आला तेव्हा लेखक आपल्या विद्यापीठात नोकरीला.

आता गंमत बघा. आज आपण व्होट बँक म्हणतो ते एखाद्या जातीला नाहीतर धर्माला, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या. श्रीनिवासांच्या लिखाणात ती बँक म्हणजे एक माणूस होता. गावातला मोठा जमीनदार, सावकार. कूळ त्याचं, कर्ज त्याचं, मुलीच्या लग्नाला उसने पैसे त्याचे. उमेदवार गावात आला की घरोघर हिंडायची गरज नव्हती, या एका माणसाशी बोलणं झालं की त्याच्या आश्रयाची मतं मिळत. त्या मतांमागे जातीचं प्रेम असेल-नसेल, अडचण नक्की होती. ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचं त्याच्या शब्दाबाहेर कोण जाणार? पुढे शब्दाचा अर्थ सरकत सरकत मिंधेपणावरून जातीवर आला आणि ज्याची अडचण होती त्याच्यावरच आरोप म्हणून चिकटला.

श्रीनिवासांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जानेवारी १९५७ मध्ये कलकत्त्याच्या सायन्स काँग्रेसमध्ये त्यांनी भाषण केलं, की शिक्षण आणि निवडणुका आल्या म्हणून जात आपोआप जाईल असं समजू नका, प्रौढ मताधिकाराने जातींना उलट नवं बळ मिळतं आहे. त्या काळात हे अनेकांना रुचलं नाही. स्वातंत्र्याला दहा वर्षं होत होती आणि जात हा म्हाताऱ्यांचा विषय आहे असं शिकलेल्या लोकांना मनापासून वाटत होतं.

दुसरे प्राध्यापक रजनी कोठारी. जन्म १९२८ चा. पालनपुरी जैन, हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचं घर, बालपण ब्रह्मदेशात, शिक्षण लंडनला. पन्नासच्या दशकात हा तरुण व्याख्याता बडोद्यात शिकवत होता. १९६१ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त भारतीय राजकारणावर त्यांची सहा लेखांची माला आली. त्याचे संपादक सचिन चौधुरी नाव बघून लेख छापणारे नव्हते. बडोद्याच्या या फारशा कुणाला माहीत नसलेल्या मास्तरांचं नाव त्या लेखांनी देशभर झालं. पुढे १९६३ मध्ये त्यांनी दिल्लीत विकासशील समाज अध्ययन केंद्र काढलं. आज टीव्हीवर ‘सीएसडीएस’चा सर्व्हे म्हणून जे ऐकता, ती हीच संस्था.

कोठारींचं म्हणणं श्रीनिवासांच्या पुढे एक पाऊल जातं. जात राजकारणात शिरली म्हणून सगळे डोकं धरून बसतात, पण उलटंही घडतं, राजकारण जातीत शिरतं आणि तिला बदलतं. याचं उदाहरण त्यांना गुजरातमध्येच सापडलं. १९६५ मध्ये ऋषिकेश मारू यांच्याबरोबर त्यांनी गुजरात क्षत्रिय सभेवर अभ्यास प्रसिद्ध केला. राजपूत आणि बारैया यांच्यात रोटी-बेटीचा व्यवहार नव्हता. राजपूत गरासदार, बारैया बहुतांशी गरीब शेतकरी नाहीतर मजूर. पण संख्या दाखवायची तर एकत्र यायला हवं, म्हणून ‘क्षत्रिय’ हे नाव सगळ्यांसाठी रुंद केलं. जन्माने मिळालेली जात वेगळी आणि मतांसाठी बांधलेली वेगळी. आणि एवढी मोट बांधूनही १९६२ च्या सुमारास तिचे पुढारी काँग्रेस आणि स्वतंत्र पक्ष यांच्यात वाटले गेले.

हे वाचलं तेव्हा मला आपणच आठवलो. ‘मराठी’ म्हणून आपण ज्यांना मोजतो त्यांत देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे, सीकेपी, मराठा, शिंपी, सोनार, सगळे आले. पिलाजीराव-दमाजीरावांच्या फौजेबरोबर आलेले आले आणि रेल्वेत किंवा कारखान्यात नोकरी लागली म्हणून परवा-परवा आलेलेही आले. गुजराती शेजाऱ्याने सगळ्यांना एकच नाव दिलं, ‘दक्षिणी’. आपण गणपतीला एकत्र येतो, पण एरवी कोण कुणाच्या पंक्तीला होतं ते जुन्या माणसांना विचारा.

आता मुद्द्याचा अभ्यास. १९६२ ची सार्वत्रिक निवडणूक गुजरात राज्य झाल्यानंतरची पहिली. काँग्रेसला विधानसभेत १५४ पैकी ११३ जागा मिळाल्या, नवा स्वतंत्र पक्ष २६ जागा घेऊन विरोधात बसला. त्याच वर्षी कोठारी आणि तरुण शेठ यांनी ‘बडोदा पूर्व’ मतदारसंघावरचा अभ्यास ‘इकॉनॉमिक वीकली’त छापला. त्याच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ असा: समाजनिहाय मतदानाची व्याप्ती आणि मर्यादा. पुढे अमेरिकन अभ्यासक मायरन वीनर आणि कोठारी यांनी १९६२ च्या निवडणुकीवरच्या अभ्यासांचं पुस्तक १९६५ मध्ये काढलं, त्यात तो समाविष्ट झाला. तिकडे पुण्यात वि. म. सिरसीकर यांनीही याच निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला, त्यांचंही पुस्तक १९६५ चंच. म्हणजे मराठी माणसाची दोन शहरं एकाच वेळी तपासली जात होती.

त्या शीर्षकातल्या दोन शब्दांवर मी वर्गात अख्खा तास घेत असे. व्याप्ती आणि मर्यादा. समाज बघून मत पडतं, हे नाकारायचं नाही, ते किती पडतं हे मोजायचं. आणि मोजता मोजता ते कुठे थांबतं हेही बघायचं. पुढाऱ्याला फक्त पहिला शब्द हवा असतो.

पण मोजायचं कसं? मत गुप्त. पेटीत डोकावता येत नाही. मग माणसाला विचारायचं, आणि त्याचं एक शास्त्र आहे. मतदारयादीतून ठरावीक पद्धतीने नावं उचलायची. ज्याचं नाव निघालं त्यालाच गाठायचं. तो घरी नाही म्हणून शेजाऱ्याला विचारून फॉर्म भरला तर सगळा हिशेब बिघडतो, कारण दिवसा घरी सापडणारी माणसं एका प्रकारची असतात आणि न सापडणारी दुसऱ्या. आणि शेवटचा प्रश्न तोंडाने विचारायचाच नाही. खोटी मतपत्रिका हातात द्यायची, उमेदवारांची निशाणी त्यावर असते, आडोशाला जाऊन खूण करायची आणि घडी घालून पेटीत टाकायची. ‘लोकनीती’चे लोक आजही असंच करतात.

हा ‘नाव निघालं त्यालाच’ नियम मी आमच्या घरात पाहिला आहे. १९७१ ची निवडणूक होऊन थोडे दिवस झाले होते. माझं ते पहिलं मत, तेव्हा एकवीस पूर्ण लागायची. एक गुजराती कॉलेजचा मुलगा फॉर्मची चळत घेऊन आला. यादीतून नाव निघालं होतं आजीचं. आजोबा ओट्यावर बसले होते, म्हणाले, "मला विचार, मी सांगतो. आमच्या घरात सगळ्यांचं एकच." मुलगा कानकोंडा झाला पण हलला नाही. आजी बाहेर आली तेव्हा तिला म्हणाला, "बा, नाम तमारुं छे, जवाब पण तमारो ज जोईए."

आजीने त्याला स्वयंपाकघरात नेलं. पाट दिला, लाडू दिला आणि दार लोटून घेतलं. अर्धा तास आत होता तो. बाहेर आजोबा दोनदा खाकरले. तो गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय सांगितलंस?" आजी म्हणाली, "त्याने विचारलं ते." पुढे किती वर्षं आम्ही नातवंडांनी तिला छेडलं, "आजी, शिक्का कुठे मारलास?" कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, "तिथे आत कोणी नसतं." आजोबा मात्र शेवटपर्यंत घरची चार मतं धरून हिशेब सांगायचे.

अशी किती घरं असतील? चार मतं म्हणून मोजलेली आणि आतून तीन-एक किंवा दोन-दोन झालेली?

आता आपल्या मतदारसंघाचा इतिहास ‘राजवाड्याची मतं’ या वाक्यासमोर ठेवून बघू. १९५२ मध्ये बडोदा पश्चिममधून लोकसभेवर गेले इंदुभाई अमीन, अपक्ष. १९५७ आणि १९६२ ला महाराज फत्तेसिंगराव काँग्रेसतर्फे निवडून आले. बैलजोडीची निशाणी आणि वर महाराज, तेव्हा वाक्य खरं वाटण्यासारखं होतं. पण १९६७ ला हीच जागा स्वतंत्र पक्षाच्या पाशाभाई पटेलांनी घेतली. १९७१ आणि १९७७ ला पुन्हा फत्तेसिंगराव. १९८० आणि १९८४ ला रणजितसिंह गायकवाड. १९८९ ला जनता दलाचे प्रकाश ब्रह्मभट्ट. आणि १९९१ ला टीव्हीवरच्या ‘रामायणा’तल्या सीता, दीपिका चिखलिया, भाजपतर्फे उभ्या राहिल्या आणि रणजितसिंहांना हरवून दिल्लीला गेल्या.

त्या वर्षी आमच्या पोळेत एकेका घरात दोन-दोन पक्ष झाले होते. सकाळी देवासमोर बसणाऱ्या बायका सीतेला मत देऊ म्हणत, आणि त्याच घरातले म्हातारे ‘सरकारांचं मीठ खाल्लंय’ म्हणून गप्प बसत. मिठाची गोष्टही खरी होती बरं का. सयाजीरावांनी ज्या घरातल्या मुलींना सक्तीने शाळेत बसवलं, ज्यांच्या पोरांना शिष्यवृत्ती दिली, त्या घराला ती आठवण असणारच. पण आठवण आणि मत या दोन गोष्टी कधी एका पेटीत पडतात, कधी नाही.

मग आलं १९९६. काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड विरुद्ध भाजपचे जितुभाई सुखडिया. दोघांनाही लाखाच्या वर मतं. निकाल लागला आणि सत्यजितसिंह जिंकले, १७ मतांनी. हो, सतरा. लोकसभेच्या इतिहासात इतका निसटता निकाल फार थोड्या वेळा लागला आहे.

सतरा मतांचा अर्थ मी मुलांना असा समजावत असे: नऊ माणसांनी शिक्का दुसरीकडे मारला असता तर खासदार बदलला असता. नऊ माणसं म्हणजे आपल्याकडच्या दोन बिऱ्हाडांची पंगत. मग तो निकाल कुणी लावला? राजवाड्याचा मान राखणाऱ्यांनी, की मराठी असून भाजपला मत देणाऱ्यांनी, की पटेल असून काँग्रेसला देणाऱ्यांनी, की दुपारी ऊन आहे म्हणून घरी झोपलेल्यांनी? प्रत्येक समाजाचा पुढारी म्हणाला, ‘आमच्यामुळे’. सतराच्या फरकात सगळ्यांचंच खरं, म्हणून कुणाचंच धरता येत नाही.

योगायोग म्हणजे कोठारींच्या केंद्राने राष्ट्रीय निवडणूक अभ्यास पुन्हा मोठ्या प्रमाणावर सुरू केला तो याच १९९६ च्या निवडणुकीत, देशभरातल्या नऊ हजारांहून जास्त मतदारांना विचारून. योगेंद्र यादव त्यात पुढे होते. पुण्याचे सुहास पळशीकर ‘लोकनीती’च्या कामातलं आपल्या ओळखीचं नाव, त्यांचे मराठी लेख आपल्यातले बरेच जण वाचतात. त्या काळातल्या अभ्यासांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. परदेशात अनेक ठिकाणी खाऊन-पिऊन सुखी माणूस जास्त मत देतो आणि गरीब घरी राहतो. आपल्याकडे गरीब माणूस रांगेत हटकून उभा असतो. केंद्रावर बसून हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी सातला दारात धुणीभांडी करणाऱ्या बाया, हातात कापली, कामाला उशीर होतोय तरी उभ्या. बंगल्यातली मंडळी जेवणं आटोपून येणार, आली तर.

आणि याच जागेचं २०१४ चं मताधिक्य आठवा. नरेंद्र मोदी ५,७०,१२८ मतांनी जिंकले. तेच शहर, अठरा वर्षांचं अंतर, सतरावरून पावणेसहा लाख. कुठलाही गठ्ठा असा फुगत नाही. माणसं बदलली, नवी आली, आणि होती त्यांतल्या पुष्कळांनी मन बदललं.

"पण मॅडम, केंद्राचे आकडे तर सांगतात ना," असं मला एक माजी विद्यार्थी म्हणाला. तो आता एका पक्षाचं काम करतो. मतदानयंत्रं आल्यापासून कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली हे निकालानंतर बघता येतं. मी त्याला कागदावर मांडून दिलं. समज एका केंद्रावर हजार मतं पडली. पाचशे मराठी, पाचशे गुजराती. एका पक्षाला सहाशे मिळाली. मराठी किती? गुजराती पाचशेच्या पाचशे तिकडे गेली असतील तर मराठी शंभर. मराठी सगळी गेली असतील तर पाचशे. आकडा एकच, आणि अर्थ शंभरपासून पाचशेपर्यंत कुठलाही. आपल्या पोळांत तर एका भिंतीला लागून मराठी-गुजराती दारं आहेत. यासाठीच अभ्यासक दार ठोठावून माणसाला विचारतो.

शिवाय या केंद्रनिहाय आकड्यांचं भयही आहे. ‘तुमच्या गल्लीने आम्हाला मत दिलं नाही, आता पाण्याचं बघा’ असं म्हणायची सोय त्यातून होते. अनेक यंत्रांची मतं एकत्र करून मोजणारं ‘टोटलायझर’ नावाचं उपकरण निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलं, २०१५ मध्ये विधी आयोगानेही त्याची शिफारस केली. ते अजून आलेलं नाही. श्रीनिवासांच्या खेड्यातला सावकार माणसागणिक मत जाणत होता, इथे गल्लीगणिक कळतं, एवढाच फरक.

हे सगळं आत्ताच का लिहिलं, तर आपल्याकडच्या एका मेळाव्यात नुकताच सूर निघाला की मराठी समाजाने एकगठ्ठा मत द्यावं, तरच तिकीट मिळेल, तरच मान राहील. बोलणाऱ्यांची कळकळ मला समजते. संख्येने थोडे असलेल्यांनी विखरून मत दिलं तर त्यांना कोण विचारतो, हा प्रश्न खोटा नाही. मराठी शाळांचे वर्ग ओस पडले, आपली मुलं घरातही गुजराती-हिंदी बोलतात, हे दुःख माझंही आहे. त्यासाठी उमेदवाराला एकत्र जाऊन भेटावं, जाहीर प्रश्न विचारावेत, लेखी उत्तर मागावं. मी स्वतः पुढे येईन.

पण घरोघरची मतं आधीच मोजून कुणाच्या पदरात टाकायची, तर त्यासाठी कुणीतरी बँक व्हावं लागतं. मग समाजाच्या नावाने बोलणी एकजण करणार, आणि आजीला, सुनेला, कामावरच्या मुलाला न विचारता त्यांची मतं धरून हिशेब होणार. आमच्या ओट्यावर तो हिशेब वर्षानुवर्षं झाला आणि तो बरोबर होता की नाही हे आजोबांनाही कधी कळलं नाही.

आपल्यातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना १९५२ ची आठवण असेल, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. १९६२ ची तर पुष्कळांना असेल. घरात मत कसं ठरायचं, बायकांना कुणी विचारायचं का, कुणी फॉर्म घेऊन आलं होतं का, हे त्यांना विचारून खाली लिहा. कुणाला मत दिलं ते लिहू नका. बाकी सगळं लिहा, कारण ती माणसं आता फार थोडी उरली आहेत.